बरोबर तीसचा बोअर

फॉर्म्युला चुकला की एक्सेल सांगतं, या भरवशावर आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमधली तपासणी चालायची. #एन/ए आलं की मी आधी सेल बघायचो. आकडा डावीकडे चिकटलेला दिसला की समजायचं, हा आकडा नाही, मजकूर आहे. मोजमापाच्या मशीनमधून आलेल्या फाइलीत मागे स्पेस राहते. ट्रिमनेही हलली नाही तर ती १६० कोडवाली. सबस्टिट्यूट लावून तिला हाकलावं लागतं. ही दुखणी परवडली, निदान बोंब तरी मारतात.

३० एच७ च्या बोअरने हूं की चूं केलं नाही. माप ३०.०२३, शीटवर हिरवं ‘ओके’. टर्नरकाकांनी नोगो गेज लावला, तर तो आत!

“साहेब, तीसला एकवीसच मायक्रॉन. तुमचं कॉम्प्युटर पंचवीस कुठून आणतंय?”

शीट माझ्याआधीची होती. टॉलरन्सचा तक्ता आयएसओ २८६ प्रमाणे अचूक: १८ ते ३० ला २१, ३० ते ५० ला २५. व्हीलुकअपच्या चौथ्या जागी ट्रू, पहिल्या रकान्यात गटांच्या खालच्या मर्यादा. ट्रू असताना तो विचारलेल्या आकड्याइतका, नाहीतर त्याच्या लगतचा लहान आकडा पकडतो. तीस विचारलं की तीसची ओळ, म्हणजे पुढचाच गट. मानकातला गट मात्र ‘१८ च्या वर, ३० धरून’ असा. २९ ला उत्तर बरोबर, ३२ लाही बरोबर. चूक फक्त सीमेवर. आणि ड्रॉइंगवर नेमके हेच साइझ: ६२०० बेअरिंगचा बाहेरचा व्यास ३०, ६२०८ चा ८०.

ट्रूचं फॉल्स केलं तर २८ लाच #एन/ए. तक्त्यात ३० च्या जागी ३०.००१ लिहा, असाही सल्ला मिळाला. चाललं असतं, पण उद्या कोणीतरी टायपिंगची चूक समजून ते ‘दुरुस्त’ केलं असतं. मी पहिल्या रकान्यात वरच्या मर्यादा घेतल्या आणि एक्सलुकअपला जुळणीचा प्रकार १ दिला: तेवढाच, नाहीतर लगतचा मोठा. जुन्या कॉम्प्युटरवर तक्ता उतरत्या क्रमाने लावून मॅचला उणे १. फरक काढताना राउंडही घातला; ३०.१ मधून ३० वजा केले तरी एक्सेलला नेमके ०.१ मिळत नाहीत.

एच६ चे शाफ्टही याच तक्त्यावर तपासलेले, तीसला १३ ऐवजी १६ धरून. ते रिपोर्ट आता एकेक करून काढतोय.