शुगर उतरली, हाडांचं काय?

सासूबाईंची शुगर आटोक्यात होती, म्हणून घरात सगळे निर्धास्त. पावसाळ्यात आगाशीच्या घराच्या ओट्यावरून त्यांचा पाय सटकला, त्यांनी हात टेकला आणि मनगट मोडलं. पायरी टीचभर उंचीची. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावं, हे मला खटकलं.

विरारच्या हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालताना विचारलं, "आजी, शुगरला कुठल्या गोळ्या घेता?" मी पाकीट पुढे केलं. एकाच गोळीत तीन औषधं होती: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन. डॉक्टरांनी तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. मज्जेतल्या ज्या पेशींपासून हाड बांधणाऱ्या पेशी तयार व्हायच्या, त्या या औषधाने चरबीकडे वळतात. दीर्घकाळ घेणाऱ्या बायकांमध्ये हातापायाची हाडं मोडण्याचं प्रमाण वाढतं. ग्लिमेपिराइडने शुगर एकदम उतरली तर चक्कर येऊन माणूस पडतं, ते वेगळंच. मेटफॉर्मिनवर त्यांचा आक्षेप नव्हता. "मनगट गोळीनेच मोडलं असं मी म्हणणार नाही," तेही म्हणाले. पण इतकी वर्षं गोळी लिहून देताना हाडांचा विषय कुणीच काढला नव्हता, याचा मला राग आहे. 2013 मध्ये सरकारने याच औषधाची विक्री काही आठवडे थांबवली होती, तेव्हाही बोलणं मूत्राशयाच्या कॅन्सरचं होतं.

डेक्सा तपासणीत हाडांची घनता फारशी कमी निघाली नाही. मधुमेहात आकडा बरा दिसतो, तरी हाड आतून कच्चं असू शकतं, हे तेव्हा कळलं. शुगरच्या डॉक्टरांनी ती गोळी बदलली.

मला आता काळजी आहे नालासोपाऱ्याच्या नणंदेची. मार्च 2025 मध्ये भारतात आलेलं टिर्झेपेटाइडचं साप्ताहिक इंजेक्शन ती घेते. वजन झरझर उतरलं, पण भूकच मेली. अर्धी चपाती खाऊन ताट सरकवते. असं वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायू जातात, हाडही झिजतं. याच जातीच्या लिराग्लुटाइडवर डेन्मार्कमध्ये अभ्यास झाला. नुसतं औषध घेणाऱ्यांची खुब्याची आणि मणक्याची घनता घटली. जोडीला व्यायाम करणाऱ्यांची टिकली.

"वहिनी, घास उतरतच नाही गं," ती म्हणते. म्हणून मी तिला नाचणीची पेज आणि सुकटीची चटणी डब्यात भरून देते. जिन्याची चढउतार तिने सुरू केली आहे. तिच्या डॉक्टरांनी डोस वाढवणं तूर्त थांबवलंय. आधी जेवण सुधारू दे, मग बघू, म्हणाले.