‘द’वरून कोण?

हुगळीकाठचं बजबज प्रसिद्ध माणसं ओळखण्याच्या खेळाला फार सोयीचं गाव आहे. डिसेंबर 1756 मध्ये रॉबर्ट क्लाइव्हच्या फौजेने इथला किल्ला घेतला. 19 फेब्रुवारी 1897 रोजी परदेशातून परतलेले स्वामी विवेकानंद इथे बोटीतून उतरले आणि खास गाडीने शियालदाला गेले. सप्टेंबर 1914 मध्ये बाबा गुरदित्त सिंग कॅनडाने परत पाठवलेल्या प्रवाशांसह ‘कोमागाता मारू’मधून इथेच पोहोचले, आणि त्या प्रवाशांवर गोळीबार झाला. ‘बजबजला आलेला प्रसिद्ध माणूस कोण?’ एवढंच विचारलं तर निदान तीन उत्तरं निघतात. म्हणजे प्रश्न कच्चा. ‘बजबजहून शियालदाला जाताना ज्यांच्यासाठी खास गाडी सोडली होती ते कोण?’ असं विचारलं की क्लाइव्हही गळतो, गुरदित्त सिंगही गळतात. मुरलेला खेळाडू प्रश्न असा घासूनपुसून घेतो.

या खेळाचं नाव बोटिचेली. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराचं नाव त्याला मिळालं, कारण मनात धरलेली व्यक्ती निदान त्याच्याइतकी तरी माहितीतली असावी असा संकेत आहे. एकजण मनात नाव धरतो, खरं किंवा कथेतलं, आणि फक्त आद्याक्षर सांगतो. बाकीच्यांना ‘हो-नाही’चा प्रश्न फुकट मिळत नाही, तो कमवावा लागतो. त्यासाठी त्या अक्षराच्या दुसऱ्याच कुणाचं तरी सूचक वर्णन करून विचारायचं. नाव धरणाऱ्याने ते ओळखून ‘नाही, मी अमुक नाही’ म्हटलं, तर तो सुटला. ओळखता आलं नाही, तर त्याला एका थेट प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं लागतं. म्हणजे लपणाऱ्याला स्वतःच्या माणसाची माहिती असून भागत नाही. आपण जे जे नाही, त्या सगळ्यांची खबर त्याला ठेवावी लागते. खेळाची खरी मेख इथेच आहे.

समजा, अक्षर आलं ‘द’.

‘तुम्ही धाकट्या भावाबरोबर आगगाडी पाहायला धावलात का?’ ‘नाही, मी पथेर पांचालीतली दुर्गा नाही.’ ‘तुम्ही जरठ-कुमारी विवाहावर संगीत नाटक लिहिलंत का?’ ‘नाही, मी शारदाकार देवल नाही.’ ‘तुम्ही बंगालातून येऊन बडोद्याचे दिवाण झालात का?’ इथे लपणारा अडखळतो. उत्तर रमेशचंद्र दत्त. पहिला थेट प्रश्न कमावला: ‘तुम्ही खरोखर होऊन गेलात?’ ‘हो.’ पुढे 1849 मध्ये गोळ्या घालण्याच्या शिक्षेतून ऐनवेळी वाचलेला लेखक विचारला जातो. दोस्तोयेव्स्की आठवत नाही. दुसरा थेट प्रश्न: ‘तुम्ही बंगालीत लिहिलंत?’ ‘हो.’

मग कुणी तरी चलाखी करतो: ‘तुम्ही शिकागोला भाषण केलंत का?’ त्याच्या मनात नरेंद्रनाथ दत्त. इथे वाद होणारच. जगाने ज्यांना विवेकानंद म्हणून ओळखलं, त्यांना ‘द’मध्ये बसवणं खेळाच्या अंगाला लागत नाही. आधी ठरलेला नियम हवा: आडनावाने ओळख असेल तर आडनाव, नाहीतर रूढ नाव. तो नसला की दोन डावांत बैठक मोडते.

कोलकात्याला असल्या खेळांची मुळातच आवड. नील ओब्रायन यांनी 1967 मध्ये या शहरात खुली क्विझ स्पर्धा घेतली आणि देशातल्या क्विझच्या चळवळीची ती सुरुवात मानली जाते. सत्यजित राय यांच्या 1970 सालच्या ‘अरण्येर दिन रात्रि’ या चित्रपटात सहाजण झाडाखाली बसून प्रसिद्ध नावांची साखळी गुंफतात. रवींद्रनाथ, कार्ल मार्क्स, क्लिओपात्रा, अतुल्य घोष. तिथे आधीची सगळी नावं क्रमाने म्हणून एक वाढवायचं असतं, म्हणजे कस स्मरणशक्तीचा. पण कोण कुणाचं नाव घेतो यावरून माणूस उलगडत जातो, आणि सगळं पाठ असूनही शर्मिला टागोर यांची अपर्णा मुद्दाम माघार घेते. बोटिचेलीतही तसंच होतं. ज्याने त्याने धरलेलं नाव त्याच्या वाचनाचा आणि मायेचा पत्ता सांगतं.

‘द’च्या डावात शेवटचा थेट प्रश्न निर्णायक ठरतो: ‘तुमच्या पुस्तकावर इंग्रज सरकारने बंदी घातली?’ ‘हो.’ ‘मग तुम्ही सखाराम गणेश देउस्कर!’ देवघरजवळच्या करौं गावात 1869 मध्ये मराठी घरात जन्मलेले देउस्कर बंगालीचे लेखक झाले. त्यांच्या ‘देशेर कथा’ने 1904 मध्ये इंग्रजी राजवटीतल्या लुटीचा हिशेब सामान्य वाचकापुढे मांडला. 1910 मध्ये त्यावर बंदी आली आणि दोन वर्षांनी लेखकही गेले. पुण्यात हे नाव अवघड वाटेल, बंगालात वाचणाऱ्यांना परिचयाचं. मराठी-बंगाली मिश्र बैठकीत असंच नाव धरावं, कारण दोन्हीकडच्यांकडे त्याची अर्धी-अर्धी माहिती असते आणि ती जुळवताना प्रश्नांना धार येते. मात्र नाव उघड झाल्यावर लपणाऱ्याला त्या माणसाबद्दल चार गोष्टी नीट सांगता आल्या पाहिजेत. नुसतं कोड्यात टाकण्यासाठी धरलेलं नाव देउस्करांसारख्या माणसावर अन्याय करतं.

अशा बैठकीसाठी आणखी एक नाव हाताशी ठेवावं. अक्षर ‘त’. ‘तुमचे वडील मुंबईत प्रार्थना समाजाचे संस्थापक होते?’ ‘1878 मध्ये तुमच्या घरी इंग्रजी शिकायला आलेल्या सतरा वर्षांच्या पाहुण्याने तुम्हाला नलिनी हे नाव दिलं?’ दुसऱ्या प्रश्नावर बंगाली खेळाडू पाहुणा ओळखतील, पहिल्यावर मराठी खेळाडू वडील. अन्नपूर्णा तर्खडकरांपर्यंत पोहोचायला दोघांनाही एकमेकांना विचारावं लागेल.