क्रोमचे पाणी आणि कन्सेंट

महाराष्ट्रात क्रोम प्लेटिंगचा कारखाना काढायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोन टप्प्यांत घ्यावी लागते. पहिली उभारणीआधी, दुसरी उत्पादन सुरू करण्याआधी. धंद्यात दोन्हींना ‘कन्सेंट’च म्हणतात. त्यांचा आधार १९७४चा जल कायदा आणि १९८१चा वायू कायदा. घातक कचऱ्याचे नियम मात्र भोपाळ दुर्घटनेनंतर आलेल्या १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आहेत. प्लेटिंग लाल वर्गात येते. प्रदूषणक्षमतेत सर्वांत वरचा वर्ग तो.

प्रस्तुत लेखकाने भोसरी परिसरातल्या छोट्या प्लेटिंग शॉपमध्ये ईटीपीचे, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेचे, काम केले आहे. तिथे कन्सेंट बहुधा ऑफिसच्या फाइलमध्ये असते आणि टाक्यांवरच्या माणसाने ती वाचलेली नसते. खरे तर ती त्यानेच वाचायला हवी. उत्पादन किती, पाणी किती, सांडपाणी किती, गाळ किती, हे सगळे तिच्यात आकड्यांनी बांधलेले असते. नवी टाकी वाढवली आणि हे आकडे ओलांडले, तर जुनी कन्सेंट त्या कामाला पुरत नाही.

सांडपाण्यातील हेक्साव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. हे क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि पाण्यात विरघळून राहते. नुसता चुना टाकून ते खाली बसत नाही. त्यासाठी आधी आम्ल घालून पीएच अडीचच्या आसपास आणावा लागतो, मग सोडियम मेटाबायसल्फाइट. पिवळे पाणी हिरवट झाले की क्रोमियम ट्रायव्हॅलंट झाल्याची खूण मिळते. त्यानंतर चुन्याने पीएच आठ-नऊपर्यंत नेला की गाळ बसतो आणि फिल्टर प्रेसमधून त्याची वडी निघते. पहिल्या पायरीला आम्ल लागते, म्हणून क्रोमच्या रिन्सचे, म्हणजे धुण्याचे, पाणी वेगळ्या नाळीनेच आणावे लागते. एका शॉपमध्ये ते डीग्रीझिंगच्या, म्हणजे तेलकटपणा काढण्याच्या, अल्कधर्मी पाण्यात मिसळत होते. आम्ल कितीही ओतले तरी पीएच उतरेना, आणि शेवटच्या टाकीत पिवळी झाक राही. नाळी वेगळ्या केल्यावरच डायफिनाइलकार्बाझाइडच्या चाचणीत हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा जांभळा रंग येणे थांबले. जास्त पाणी घालून ०.१चा आकडा गाठणे ही प्रक्रिया नव्हे. तेवढेच विष जास्त पाण्यातून बाहेर जाते.

तपासणीला येणारा जाणता अधिकारी आधी नोंदवह्या मागतो. क्रोमिक ॲसिडची खरेदी, पाण्याचे मीटर, ईटीपीचे वेगळे वीजमीटर आणि गाळाचे वजन एकमेकांशी जुळावे लागते. ॲसिडची पिंपे येत राहिली आणि गाळ वाढलाच नाही, तर क्रोमियम कुठे गेले, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. छोट्या मालकांना ही वहीखात्याची कटकट वाटते. पण प्रामाणिकपणे चालवलेल्या ईटीपीला याच वह्या वाचवतात.

घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार हा गाळ साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. छपराखाली, पक्क्या फरशीवर, लेबल लावलेल्या पिंपांत तो साठवायचा आणि तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्राकडे मॅनिफेस्टसह, म्हणजे वाहतुकीच्या नोंदपत्रासह, पाठवायचा. पोच परत आली की नाही, हे पाठवणाऱ्याने पाहायचे. घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म पाच, ३० सप्टेंबरपर्यंत द्यावे लागते.

१ एप्रिल २०२४पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातील बहुतेक उल्लंघनांना कैदेऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांचा दंड आहे. दंड भरला नाही तर मात्र कैद होऊ शकते. याच कायद्याच्या कलम ५चे अधिकार कायम आहेत: कारखाना बंद करण्याचा आदेश देता येतो, वीज आणि पाणीही तोडता येते.