लाल गोळ्याखालचा खुंट

मून कॅक्टस विकत घेणारा माणूस आधी रंग बघतो. मी खालचा हिरवा खुंट बोटांनी हलकेच दाबून बघते. तो घट्ट हवा, तिन्ही कडा भरलेल्या हव्यात आणि मातीलगत तपकिरी डाग नको. वरच्या लाल, पिवळ्या किंवा नारिंगी गोळ्यात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच. त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही, सगळी भिस्त खुंटावर.

हा गोळा मूळचा पॅराग्वेच्या बाजूचा. जिम्नोकॅलिशियम मिहानोविची हे त्याचं शास्त्रीय नाव. रानात तो करडा-हिरवा असतो. 1941 साली जपानमध्ये वातानाबे नावाच्या गृहस्थांकडे सुमारे 10,000 रोपांत दोन लाल निघाली. अशी रोपं बियांतला साठा संपला की मरतात. ही दोन वेळेवर दुसऱ्या निवडुंगावर चढवली गेली म्हणून जगली. कुणीतरी ती रोपं नीट निरखून पाहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटचा असतो. सांगली-सोलापूरकडे शेतात सिमेंटच्या खांबांवर चढवलेला दिसतो, तोच वेल. तो वाळवंटातला नव्हे, अमेरिकेतल्या उष्ण जंगलांत झाडांवर चढणारा आहे. म्हणून ‘निवडुंगाला पाणी नकोच’ हा समज इथे घातक ठरतो. उन्हाळ्यात वरची माती कोरडी झाली की भरपूर पाणी घालावं आणि ते कुंडीतून पूर्ण निथळू द्यावं. माझ्या कुंडीत निम्मी जाड वाळू आणि परलाइट असतं, बाकी पोयटा आणि कुजलेलं शेणखत. पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्यावी. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा 10 अंशांखाली उतरतो, तेव्हा खुंट आधी कुरकुरतो, म्हणून कुंडी खिडकीच्या आत. ऊन सकाळचं कोवळं पुरे. दुपारच्या उन्हात हरितद्रव्याशिवायची कातडी भाजते आणि तो डाग जात नाही. खुंटाच्या कडेला हिरवे कोंब फुटले तर लगेच काढावेत, नाहीतर रस तिकडे वळतो.

पण माझा जीव खरा रमतो तो कलम करण्यात. गोळ्याच्या अंगाला पिल्लं येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा तापू लागली की, एक पिल्लू काढायचं. ब्लेड स्पिरिटने पुसलेलं हवं. खुंटाचं डोकं आडवं कापायचं आणि तिन्ही कडा तिरक्या तासायच्या. सुकताना मधला गर आत जातो, साल तशीच उभी राहते आणि न तासलेल्या कडा पिल्लाला वर उचलतात. मग दोन्ही कापांवर एकेक पातळ चकती पुन्हा काढायची, म्हणजे जोड ओलाच बसतो.

आता कापात एक फिकट वर्तुळ दिसतं. पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्या तिथे असतात. खुंटाचं वर्तुळ लहान, पिल्लाचं बऱ्याचदा मोठं. दोन्ही अगदी मधोमध ठेवली तर लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटात राहतं आणि कुठेच भेटत नाही. म्हणून पिल्लू किंचित बाजूला सरकवायचं, वर्तुळं एकमेकांना छेदू द्यायची. बाहेरून वाकडं दिसणारं कलम त्यामुळेच जुळतं. आतली हवा निघावी म्हणून पिल्लू हलक्या हाताने फिरवून दाबते, कुंडीच्या बुडाखालून रबर बँड घेते आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवते. कापावर पाणी पडू देत नाही. बँड काढल्यावर पिल्लू टवटवीत आणि फुगीर दिसलं की जोड लागला.

हा संसार कायमचा नसतो. वरचा आणि खालचा वेगवेगळ्या चालीने वाढतात, काही वर्षांत खुंट थकून पिवळा पडतो. त्याला खत पाजून उपयोग नाही. गोळा अजून घट्ट असतानाच त्याची पिल्लं ताज्या खुंटांवर न्यावीत. यासाठी मी ड्रॅगन फ्रूटचे तुकडे आधीच वाळूत मुळावून ठेवते. थंडी जास्त पडते तिथे मात्र सिरियस या निवडुंगाचा खुंट बरा: तो जास्त काटक असतो.