मचूळ पाणी

31 वर्षं मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाकडे वळण्याआधी तेरा वसाहतींबद्दल बोलावं लागायचं आणि तिथे व्हर्जिनियातलं जेम्सटाउन यायचं. पुस्तकात त्याला फारशी जागा नसे, पण मी ते रंगवून सांगायची. 1607 च्या मे महिन्यात 104 इंग्रज पुरुष आणि मुलगे तिथे राहायला उतरले. पुढच्या जानेवारीपर्यंत त्यातले 38 उरले. बाकीचे का मेले? मी फळ्यावर एकच शब्द लिहायची: आळस.

निम्मेअधिक खानदानी साहेब, हातात कधी कुदळ धरलेली नाही, शेत करायचं सोडून सोनं शोधत बसले आणि उपाशी मेले, अशी माझी मांडणी होती. शेवटी जॉन स्मिथने दंडक घातला की जो राबणार नाही त्याला खायला मिळणार नाही. हे वाक्य मुलांना आवडायचं. मलाही. खरं सांगायचं तर हे मेलेले लोक इंग्रज होते, पुढे ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचेच पूर्वज, याचंही मला आत कुठेतरी समाधान होतं. आज ते कबूल करायला जड जातं, पण होतं.

निवृत्त झाल्यावर लेकीकडे व्हर्जिनियाला गेले. जेम्सटाउन बघायचंच होतं. ऑगस्टमधली दुपार, वारा पडलेला, अंगाला कपडे चिकटलेले. त्या इंग्रजांच्या किल्ल्याच्या जागेवरून नदीकाठी गेले आणि पहिल्यांदा जाणवला तो वास. कुजलेल्या लव्हाळ्याचा, उघड्या पडलेल्या गाळाचा. हा वास मला लहानपणापासून ठाऊक होता. वाकून बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. लेक ओरडली, "आई, काय करतेस!" पाणी मचूळ होतं.

मी रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावात वाढले. घराच्या पायरीपासून पन्नास पावलांवर खाडी, भरतीला काठोकाठ भरलेली. तरी माझी आजी पिण्याच्या पाण्यासाठी कळशी घेऊन घाटी चढून वरच्या विहिरीवर जायची. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर व्हायचं, वैशाखात तोंडात धरवायचं नाही. काठाजवळच्या विहिरीही तेव्हा मचूळ व्हायच्या. ओहोटीला खाडीत टाकलेली घाण भरतीला परत दारात यायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जेम्सटाउन समुद्रापासून इतकं आत असूनही जेम्स नदीतून तिथवर भरती-ओहोटी पोचते, हे मी नकाशावर कितीदा पाहिलं असेल. 31 वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की ते लोक पीत काय होते.

परत आल्यावर वाचायला बसले. जॉर्ज पर्सी नावाच्या वसाहतीतल्याच एका उमरावपुत्राने मरणांची टिपणं ठेवली आहेत. ऑगस्टची 6 तारीख, एक जण रक्ती आवेने गेला. 9 तारीख, एक जण अंगाला सूज येऊन. काही जण स्थानिकांशी झालेल्या चकमकींतल्या जखमांनी. पाण्याबद्दलही तो लिहितो: भरतीला फार खारट, ओहोटीला चिखल आणि घाण. कारव्हिल अर्ल या भूगोलतज्ज्ञाने 1979 मध्ये हेच धागे जुळवले. उन्हाळ्यात नदीचा ओघ कमी झाला की खारं पाणी वर सरकतं आणि नेमकं जेम्सटाउनच्या आसपास गोड्या पाण्याला भिडतं. तिथे मैला वाहून जात नाही, नुसता मागे-पुढे हेलकावत राहतो. त्यातून विषमज्वर आणि आव. शिवाय रोज पोटात जाणारं मीठ, त्याने येणारी सूज आणि ग्लानी.

ग्लानी या शब्दाशी मी थांबले.

कॅरन कुपरमन या इतिहासकार बाईंनी त्याच सुमारास आणखी एक गोष्ट मांडली. समकालीन लोक ज्याला आळस म्हणत होते, ती कुपोषणाने आणि खचलेल्या मनाने आलेली अवस्था होती. सहा महिने जहाजात पडून कीड लागलेले गहू आणि जव, तेही माणशी दिवसाला ओंजळभर, उकडून. जहाजं होती तोवर खलाशांकडून बिस्किटं तरी मिळायची, जूनमध्ये जहाजंही गेली. असा माणूस दुपारी आडवा होतो, बोलावलं तरी उठत नाही. मी कारण म्हणून फळ्यावर लिहीत होते ते मरणाचं लक्षण होतं.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. दुपारच्या तासाला बाकावर डोकं टेकायचा. मी एकदा त्याला उभं करून जेम्सटाउनचा साहेब म्हटलं, वर्ग हसला. वर्षअखेरीला शाळेत तपासणी झाली, त्याचं हिमोग्लोबिन सहा निघालं. मी त्याची माफी मागितली नाही. हे वाचत होते त्या रात्री तो डोळ्यांसमोरून हलला नाही.

दुष्काळाचं तर मला काहीच माहीत नव्हतं. त्या भागातल्या दलदलीत बाल्ड सायप्रसची शेकडो वर्षांची झाडं आहेत. त्यांच्या खोडातली वर्तुळं मोजून संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की 1606 ते 1612 ही सात वर्षं तिथे 770 वर्षांतली सर्वांत कोरडी होती. सगळ्या वाईट वर्षांतली नेमकी ही वर्षं त्यांच्या वाट्याला आली. पाऊस नाही म्हणजे नदीला ओघ नाही, म्हणजे मीठ आणखी वर. पेरलं असतं तरी किती उगवलं असतं?

मात्र मत बदललं म्हणून सगळ्यांनाच सोडून द्यायला मी तयार नाही. लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने लेखी बजावलं होतं की सखल, ओलसर जागी वस्ती करू नका. तरी त्यांनी तीच जागा निवडली, कारण पाणी काठालगत इतकं खोल होतं की जहाज झाडाला बांधता येई, आणि स्पॅनिश जहाजांपासून आडोसाही होता. ती पास्पाहे लोकांची भूमी होती, पण नेमक्या त्या जागी त्यांचं गाव नव्हतं. का नव्हतं, हे कुणी विचारलं नाही. आसपासच्या पौहाटन लोकांचा मकाही दुष्काळात आटला होता. त्यांच्या बायका दलदलीतून कंद खणून काढत होत्या. अशा लोकांकडे इंग्रजांनी आधी मण्यांच्या बदल्यात आणि मग बंदुकीच्या धाकाने मका मागितला. 1609 च्या हिवाळ्यात पौहाटनांनी किल्ल्याची नाकेबंदी केली, तिला मी आजही अन्याय म्हणणार नाही. आत सुमारे 300 माणसं होती. वसंतात 60 च्या आसपास उरली. घोडे, कुत्री, उंदीर, जोड्यांचं कातडं, सगळं खाऊन झालं होतं.

आणि माणसंही. 2012 मध्ये तिथल्या एका तळघरात, घोड्या-कुत्र्यांच्या हाडांबरोबर, एका मुलीची कवटी सापडली. वय साधारण चौदा. कवटीवर आणि जबड्यावर सुरीचे घाव, मेल्यानंतरचे. नाव कळत नाही म्हणून संशोधकांनी तिला जेन म्हटलं. ती माझ्या नववीतल्या मुलींच्या वयाची होती. तिच्या हिवाळ्याचा धडा मी तीस-तीस मिनिटांत, हशा पिकवत संपवला होता.

कंपनी मात्र माणसं पाठवत राहिली. 1624 पर्यंत सहा हजारांहून अधिक लोक तिकडे गेले, त्यातले काही परतले. 1625 च्या गणतीत तिथे सुमारे 1,200 होते. कंपनीची सनद त्याआधीच रद्द झाली होती.

शेजारची नववीतली मुलगी कधीमधी अभ्यासाला येते. परवा तिला तेरा वसाहती समजावून देताना मी विहिरीपासून सुरुवात केली. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर खणली गेली तोवर त्यांचे दोन उन्हाळे उलटून गेले होते. तिने वहीतून मान वर केली. "मग आल्याआल्या का नाही खणली?"

"ते मे महिन्यात उतरले ना," मी म्हटलं, "तेव्हा नदीचं पाणी पिण्याजोगं होतं."