मानवत रोडचा फलाट

परभणी जिल्ह्यात मानवतची ओळख कापसाच्या बाजारपेठेची. हंगामात व्यापाऱ्याचे चित्त सदैव उद्याच्या भावात असते. गावापासून दूर असलेल्या मानवत रोड स्थानकावर मुलाला शिक्षणासाठी निरोप द्यायला आलेले वडीलही गाडी येईपर्यंत फोनवर भावच विचारीत राहतात.

माकोतो शिंकाई यांच्या ‘फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंड’ (२००७) या जपानी चित्रपटात हिमवृष्टीमुळे गाडी रखडते. रात्री उशिरा पोहोचलेल्या मुलाला त्याची मैत्रीण स्थानकावर वाट पाहत बसलेली आढळते. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. उरते ती एक रात्र. शीर्षकातील वेग चेरीच्या पाकळ्या गळण्याचा आहे.

उत्तराध्ययन सूत्रातील ‘द्रुमपत्रक’ या दहाव्या अध्ययनात भगवान महावीरांनी गळणाऱ्या पिकल्या पानाचा दृष्टान्त देऊन गौतमस्वामींना क्षणभरही प्रमाद न करण्याचा उपदेश केला आहे. तेथे स्नेहबंधनातून सुटण्याची हाक आहे, चित्रपट स्नेहातच रमतो. तरी गळालेले पान वा पाकळी फांदीवर परतत नाही, हे दोहोंना ठाऊक आहे.

उद्याचा भाव उद्या कळेलच. गाडी सुटेपर्यंत मुलाचा हात हाती असावा.