कितव्या वलयावर?

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून आता काही महिने झाले. डावा अजून व्हायचाय. पांढरं जरा निळसर दिसेल, घाबरू नका, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. पांढऱ्याचं मला काही वाटलंच नाही. हिरव्याबद्दल मात्र कुणी काही बोललं नव्हतं.

माती-धुळीत जायचं नाही असा दंडक होता, तरी मी मागच्या अंगणात गेलेच. भाजीच्या अळूच्या एका पानाखाली हॉकमॉथची कोवळी अळी होती, नखाएवढी. उजवा डोळा झाकून पाहिली तर नेहमीची पोपटी. डावा झाकून पाहिली तर तीच अळी थंड, निळसर हिरवी. कडेच्या पांढऱ्या रेघेत तर निळीची झाक. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. अळी जागची हलली नव्हती. सूनबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, “आई, कुणाला डोळे मारताय?”

ज्यांना अळ्या पाळायचा नाद नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. पण माझी सगळी मिजास या हिरव्यावर उभी होती. सांगली-मिरजेकडच्या बागवाल्या मंडळींत ‘काकूंचा डोळा आहे’ असं म्हणतात आणि ते कानावर पडावं म्हणून मी कधी कधी तिथे जरा जास्त वेळ रेंगाळते, हेही खरं. कुणी डबी उघडली की भिंग काढायच्या आधी नाव सांगायचं, ही माझी खोड. भिंग नंतर काढायचं, तेही समोरच्याची खात्री पटावी म्हणून.

अळूवर आमच्याकडे पावसाळ्यात मुख्यतः तिघांचं चालतं. त्यातली तंबाखूची पानं खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा, मी मोजतच नाही. तिची आई एकगठ्ठा अंडी घालते आणि त्यावर भुऱ्या केसांचं पांघरूण घालते. पिल्लं घोळक्यानं पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करून ठेवतात. ती ओळखायला पान लांबून पाहिलं तरी पुरतं. उरतात दोन हॉकमॉथ, थेरेट्रा ओल्डनलँडी आणि हिपोटियन सेलेरिओ. दोघींच्या आया अंडी सुटी सुटी घालतात. दोघींची पिल्लं फिकट हिरवी, आणि अंगाच्या मानानं फार मोठं, दोऱ्यासारखं काळं शिंग मिरवणारी. दोघी अळूखेरीज द्राक्षाच्या वेलावर आणि तेरड्यावरही चरतात, त्यामुळे झाड पाहून काही कळत नाही.

मोठ्या झाल्या की त्यांच्यात गोंधळ होत नाही. थेरेट्रा काळपट होते. अंगाच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या-नारिंगी ठिपक्यांची ओळ, पोटाच्या पहिल्या वलयापासून सातव्यापर्यंत. शिंग काळं, टोक पांढरं, आणि चालताना ते शिंग पुढे-मागे असं हलवते की पाहणाऱ्याला हसू यावं. हिपोटियनला ओळबिळ नाही. पोटाच्या पहिल्या वलयावर एक मोठा नकली डोळा, मधे गडद, त्यात फिकट बारीक ठिपके, भोवती पिवळं कडं. दुसऱ्यावर एक लहानसा. मग संपलं, पुढे शिंगापर्यंत नुसती रेघ. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांनाही ही अळी ठाऊक असते, नाव ठाऊक नसलं तरी.

माझं भांडण पिल्लांशी आहे. पहिल्या एक-दोन काती पडेपर्यंत डोळे नीट उमटलेलेच नसतात. हिरवी रेघ आणि काळं शिंग, बस. आणि तिथेच मी नाव सांगत असे, हिरव्याच्या छटेवरून. एकीचा हिरवा पिवळ्याकडे झुकतो, दुसरीचा जरा निळ्याकडे, अशी माझी खूण होती. कुठल्या पुस्तकात नाही, मी स्वतः बसवलेली. म्हणून तर तिचा इतका अभिमान.

ऑपरेशननंतर मी जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक अळीशेजारी मी जलरंगाचा एक ठिपका देते आणि खाली दोन शब्द लिहिते. मला वाटलं होतं, ठिपके सगळे पिवळट निघतील. तसं झालं नाही. नव्या डोळ्यानं वहीतला ठिपका आणि समोरची अळी ताडून पाहिली, तर ठिपके बऱ्यापैकी जुळत होते. जरा विचार केल्यावर उलगडलं. मोतीबिंदूचं भिंग पिवळं पडतं, निळा प्रकाश अडवतं. पण अळीही मी त्याच भिंगातून पाहत होते आणि कागदावरचा रंगही त्याच भिंगातून. दोन्हीकडे सारखाच पिवळा चढला, त्यामुळे जुळणी बिघडली नाही. बिघडले ते शब्द. अलीकडच्या वह्यांत जिकडेतिकडे ‘पोपटी’, ‘लिंबाच्या पानाचा’, ‘पिवळसर’. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या वहीत ‘निळसर झाक’ हा शेरा पानापानावर आहे, मग तो विरळ होत गेला आणि पुढे सापडतच नाही. त्या अळ्या सांगलीतून नाहीशा झाल्या नव्हत्या. माझ्याकडून दिसेनाशा झाल्या होत्या.

दोन हिरव्यांतला जो फरक मी खूण म्हणून धरला होता, तो नेमका निळ्याच्या बाजूचा. म्हणजे मावळत गेला तोच.

तसं पाहिलं तर अळीच्या रंगावर विसंबू नये हे शहाण्या माणसाला फार आधी कळायला हवं. घाटे अळी हिरवी, तपकिरी, गुलाबी, पिवळट, सगळ्या रंगांत मिळते. तिळावरची कवटीवाल्या पतंगाची अळी हिरवी, पिवळी किंवा तपकिरी असते. कण्हेरीवर आणि तगरीवर येणारी ती थोराड हिरवी अळी, निळ्या-पांढऱ्या डोळ्यांची, कोषात जायच्या आधी एकाएकी तपकिरी होते, आणि दरवर्षी कुणीतरी मला फोन करून ‘दुसरी जात सापडली’ म्हणून सांगतं. हिपोटियनही हिरवी असते तशी तपकिरीही. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. त्या तेरड्यावर चरणाऱ्यांचाही फारसा वेगळा नाही.

मग राहतं काय? जागा. ठिपका कुठल्या रंगाचा यापेक्षा तो कितव्या वलयावर आहे. हे मी तोंडानं सगळ्यांना शिकवत आले आणि स्वतः मात्र मोजायचा कंटाळा करत आले, कारण मोजत बसलं की डोळा असल्याचा रुबाब राहत नाही.

आणि मोजणं वाटतं तितकं सोपंही नाही. खऱ्या पायांच्या तीन जोड्या म्हणजे छातीची तीन वलयं, त्यापुढचं पोटाचं पहिलं, हे पाठ असतंच. पण अळीला हात लागला रे लागला की ती डोकं आणि छाती आत ओढून घेते. पुढची वलयं एकमेकांत शिरतात, पोटाचं पहिलं वलय फुगतं आणि त्यावरचा नकली डोळा वटारल्यासारखा दिसतो. ज्या वेळी सगळे तिचा फोटो काढतात, नेमक्या त्या वेळी पुढून मोजणं अशक्य असतं. म्हणून मागून मोजायचं. शिंग पोटाच्या आठव्या वलयावर असतं, तिथून पुढे येत सात, सहा, पाच. तरी फसायला होतं, कारण हॉकमॉथच्या प्रत्येक वलयावर आणखी बारीक आडव्या वळ्या असतात आणि लहान अळीत वलय कुठलं, वळी कुठली, कळत नाही. तेव्हा श्वासरंध्रं धरायची. पोटाच्या पहिल्या आठ वलयांना बाजूला एकेक जोडी, त्याहून जास्त नाही. शिंगाखालचं ते आठवं. तेही दिसेना तर मांसल पाय बघायचे. त्यांची पहिली जोडी तिसऱ्या वलयावर, त्याच्या पुढे दोन वलयं गेलं की पहिलं. मी आता तिन्ही प्रकारे मोजते. तिन्ही उत्तरं एक आली तरच लिहिते. हात थोडा कापतो, दहापट भिंगातून वलय निसटतं, परत शिंगापाशी यायचं. लोक समोर उभे राहून घड्याळ बघतात.

जागेवरून ओळखायची खूण किती लवकर लोकांत पसरते, ते 2018 साली पाहिलं. अमेरिकन लष्करी अळी त्या वर्षी कर्नाटकात आढळली आणि लगोलग आपल्याकडे मक्यात आली. तिची खूण शेतकऱ्यांना सांगितली गेली ती अशी: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे आठव्या वलयावर चौकोनात चार ठिपके. रंगाचं नावही नाही. ज्यांनी जन्मात अळी निरखली नव्हती ते बांधावर बसून ती बिनचूक ओळखू लागले. एवढी चांगली खूण घाटे अळीच्या वाट्याला का आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

एरवी या विषयातली परिस्थिती आनंदच आहे. काही औषधविक्रेते पान हातात न घेताच बाटली काढून ठेवतात. दुसरीकडे मोबाइलवाले. फोटो टाकला की ॲप नाव सांगतं, आणि मोठ्या अळीचं बरेचदा बरोबर सांगतं, हे मी मत्सर गिळून मान्य करते. पण फोटो सगळे वरून काढलेले, पाठीचे. पाय नाहीत, श्वासरंध्रं नाहीत, शिंगाचं टोक चौकटीबाहेर. रंग मात्र इतका गडद केलेला की अळी प्लॅस्टिकची वाटावी. पाळून पतंग होईपर्यंत थांबणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ‘काकू, डब्यात वास येतो’ म्हणतात. लेंड्या रोज काढल्या तर येत नाही.

थांबणारा माणूस म्हटला की मला टी. आर. बेल आठवतात. मुंबई इलाख्यातले जंगल अधिकारी, कारवारला राहिले, 1948 साली वारले. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेतला हॉकमॉथवरचा खंड त्यांनी एफ. बी. स्कॉट यांच्याबरोबर लिहिला, 1937 साली तो निघाला. त्यात नुसती पतंगांची वर्णनं नाहीत. अळ्यांची आहेत, जिवंत पाळून, बारकाईनं केलेली. दारूत ठेवलेल्या अळीचा हिरवा उडून जातो, त्यामुळे ते काम कारवारच्या दमट हवेत बसून, अळी जिवंत असतानाच करावं लागतं. मनातल्या मनात मी स्वतःला त्यांच्या पंगतीला बसवलेलं होतं. माझ्या वह्याही कधीतरी कुणीतरी उघडील आणि म्हणेल, काय पाहिलंय या बाईनं! आता उघडली तर वरचा ठिपका बघा, खालचे शब्द वाचू नका, अशी चिठ्ठी मी प्रत्येक वहीत आत चिकटवली आहे.

पिल्लांचं कोडं मात्र सुटलेलं नाही. एका डबीत एकच पिल्लू ठेवते, नावाच्या रकान्यात फक्त क्रमांक. डोळे उमटेपर्यंत नाव लिहायचं नाही. तो मोकळा रकाना मला अजून बोचतो. शिवाय दरवेळी उत्तर मिळतंच असं नाही. पुष्कळदा अळी भरपूर खाते, वाढते आणि मग एके दिवशी तिच्यातून परजीवी माश्यांच्या अळ्या बाहेर पडतात. पिल्लू असतानाच गेली तर नाव कायमचं अडलं. शेजारची नात मदतीला येते. तिला रंगांत गोडी नाही, ती शिंगापासून वलयं मोजते आणि मोठ्यानं ओरडून आकडे सांगते. तिच्यासमोर मी भिंग आधी काढते.

घरात वाटणी ठरली आहे. वडीच्या अळूला हात लावायचा नाही, भाजीचं अळू अळ्यांना. सूनबाई पानं चिरायच्या आधी उलटून बघते आणि शिंगवालं काही असलं तर हाक मारते.

तुम्हीही अळू चिरताना पान उलटून बघा. अळी सापडली तर चिरडू नका, पानासकट बरणीत घाला, वर जाळीचं कापड बांधा. कुणाला विचारायचं असेल तर फोटो बाजूनं काढा, पहिल्या पायांपासून शिंगाच्या टोकापर्यंत सगळी येऊ द्या. आणि अळी हिरवी होती की तपकिरी, हे निदान मला तरी सांगू नका.